‘हाराकिरी’ला संथ म्हणण्यापूर्वी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत घरबसल्या पाहता येतील अशा जुन्या परदेशी चित्रपटांची ओळख करून देणारा लेख नुकताच प्रसिद्ध झाला. त्यात मासाकी कोबायाशी यांच्या १९६२ सालच्या ‘हाराकिरी’ या जपानी चित्रपटाला जागा मिळाली याचा आनंद झाला. परंतु त्याच्याविषयी जी चार-पाच वाक्ये लिहिली गेली, ती वाचून हे पत्र लिहिणे भाग पडले. लेखकाच्या मते हा चित्रपट सामुराईंच्या स्वामिनिष्ठेचा आणि प्रतिष्ठेचा गौरव करणारा असून तो कमालीचा संथ आहे, आणि म्हणून आजच्या प्रेक्षकाने तो दीडपट वेगाने पाहिला तरी काही बिघडत नाही. या दोन्ही विधानांचे मूळ एकच आहे असे मला वाटते. ज्याला या चित्रपटाची गती जाच वाटते, त्याला त्यात गौरव कोणाचा होतो आणि झाडाझडती कोणाची घेतली जाते हेही उमगणे कठीण आहे, कारण यातला सगळा अनर्थ एका घराण्याने केलेल्या घाईतून घडलेला आहे.

ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी कथानक सांगावे लागेल, आणि माझे म्हणणे शेवटाशिवाय मांडता येत नसल्यामुळे शेवटही सांगावा लागेल. ज्यांना तो आधी कळायला नको असेल, त्यांनी हे पत्र सध्या बाजूला ठेवावे.

प्रसंग १६३० सालचा आहे आणि स्थळ एदो, म्हणजे आजचे टोकियो. १६०० मध्ये सेकिगाहाराची लढाई जिंकून तोकुगावा घराण्याने १६०३ मध्ये शोगुनपद, म्हणजे देशाच्या लष्करी सत्ताधीशाचे पद, मिळवले आणि १६१५ मध्ये ओसाकाचा किल्ला घेऊन शेवटचा प्रतिस्पर्धीही संपवला. देशात शांतता नांदू लागली, पण त्याबरोबर या ना त्या निमित्ताने एकेका सरदाराची जहागीर खालसा करण्याचा सपाटाही सुरू झाला. हिरोशिमाचे सरदार फुकुशिमा मासानोरी हे त्यातले ठळक उदाहरण. सेकिगाहाराला ते तोकुगावांच्याच बाजूने लढले होते. तरीही पुरात पडझड झालेल्या आपल्या किल्ल्याची डागडुजी त्यांनी रीतसर परवानगी मिळण्यापूर्वी केली, एवढ्यावरून १६१९ मध्ये त्यांची हिरोशिमाची जहागीर काढून घेण्यात आली. धनी बुडाला की त्याच्या पदरचे सामुराई कुटुंबकबिल्यासह उघड्यावर पडत आणि रोनिन म्हणून भटकत. लढणे हाच त्यांचा पेशा होता आणि लढाया तर संपून गेल्या होत्या.

अशाच फुकुशिमांच्या पदरचा एक पोक्त रोनिन, त्सुगुमो हान्शिरो, एके दिवशी बलाढ्य इई घराण्याच्या एदोतील वाड्यावर येतो आणि सन्मानाने पोट चिरून मरण्यासाठी वाड्याचे अंगण मिळावे अशी विनंती करतो. त्या काळात अशी विनंती करणारे रोनिन वाड्यावाड्यांवर येऊ लागले असून त्यातल्या बहुतेकांना मरायचे नसते, दारात ब्याद नको म्हणून घरधनी चार नाणी हातावर ठेवील किंवा नशिबाने चाकरी देईल एवढीच त्यांची आशा असते, हे वाड्याच्या कारभाऱ्याला, साइतो कागेयूला, ठाऊक आहे. म्हणून तो हान्शिरोला समोर बसवून काही महिन्यांपूर्वी आलेल्या चिजिइवा मोतोमे नावाच्या तरुण रोनिनाची हकीकत ऐकवतो. मोतोमेनेही अशीच विनंती केली होती. यापुढे कोणी असा प्रयत्न करू नये, सर्वांना जरब बसावी, म्हणून वाड्याने त्याचे म्हणणे अक्षरशः मान्य करायचे ठरवले. मरणाची तयारी झालेली पाहून तो तरुण हादरला. त्याने एक-दोन दिवसांची मुदत मागितली आणि मी नक्की परत येईन असे शपथेवर सांगितले. ती मुदत त्याला नाकारण्यात आली. त्याच्या कमरेच्या तलवारींना पोलादाचे पाते नसून बांबूचे आहे, हे वाड्यातल्या माणसांनी आधीच पाहिले होते. सामुराईने स्वतःच्याच शस्त्राने विधी पार पाडावा असा आग्रह धरून त्यांनी त्याला त्या बांबूनिशी मरायला लावले. तो प्रसंग पाहवत नाही. कोबायाशींनी तो लांबवला आहे आणि तो लांबवणेच योग्य होते, असे मी मानतो.

मोतोमेने काय मागितले होते, इकडे माझे पहिले लक्ष वेधणे आहे. त्याने जीवदान मागितले नव्हते आणि त्या क्षणी पैसेही मागितले नव्हते. त्याने वेळ मागितला होता. अंगणाभोवती ओळीने बसलेल्या इतक्या माणसांपैकी एकानेही ‘दोन दिवस कशासाठी?’ असे विचारले नाही. पुढे हान्शिरो याच वाड्याला जो जाब विचारतो, त्याचा गाभा एवढाच आहे. मोतोमेचेही चुकले असेल हे तो मान्य करतो. मात्र मरायला निघालेला माणूस मुदत मागतो तेव्हा त्यामागे काहीतरी कारण असेल, ते ऐकून तरी घ्यावे, असे एवढ्या मोठ्या घराण्यात कोणालाच वाटू नये याचा त्याला संताप आहे. ज्या कथेचा सारा प्रश्नच मुदतीचा आहे, ती कथा घाईघाईने उरकण्याचा सल्ला पुरवणीतून दिला जावा, हे मला म्हणूनच खटकले.

कागेयूची बाजूही पाहिली पाहिजे, कारण चित्रपटाने ती प्रामाणिकपणे पाहिली आहे. नियमांवर बोट ठेवून चालायचे म्हटले तर त्याचे काही चुकत नाही. मरण मोतोमेने आपल्या तोंडाने मागितले होते. एकाला पैसे दिले की उद्या दहा जण दारात येणार, हेही खरेच आहे. एका घराण्याने अशा एका रोनिनाला चाकरीत घेतले, त्यानंतरच तर हे लोण पसरले. रेन्तारो मिकुनी यांनी ही भूमिका करताना कागेयूला खलनायक होऊ दिलेले नाही. आवाज न चढवणारा, कामात चोख, घराण्याच्या नावाला धक्का लागू नये याची सतत काळजी वाहणारा कारभारी त्यांनी उभा केला आहे. हान्शिरोला मोतोमेची हकीकत तो मुद्दाम सांगतो, कारण ती ऐकून या वडीलधाऱ्या माणसाने मुकाट निघून जावे अशी त्याची इच्छा आहे, म्हणजे त्याच्या परीने तो भलेपणाच करतो आहे. दुष्ट माणसाने केलेला अन्याय पडद्यावर पाहणे सोपे असते. इथे शहाणा माणूस नियमाने चालला आहे आणि त्याच्या हातून जे घडते ते भयंकर आहे.

यापुढे जे होते, ते रचनेच्या दृष्टीने अजोड आहे. हान्शिरो हकीकत शांतपणे ऐकून घेतो आणि आपण निर्धाराने आलो आहोत असे सांगून अंगणात येतो. पांढऱ्या वाळूवर पांढऱ्या कापडाने झाकलेली बैठक, तिच्यावर काळ्या किमोनोत एकटा बसलेला तो, आणि सभोवार रांगा धरून बसलेले इई घराण्याचे सामुराई. अशा विधीत पोट चिरल्यावर शेवटचा घाव घालणारा एक साहाय्यक लागतो. तो मला निवडू द्यावा, अशी हान्शिरो विनंती करतो आणि ओमोदाका हिकोकुरो याचे नाव घेतो. निरोप्या धावतो. ओमोदाका आजारी असल्याचे कळते. हान्शिरो दुसरे नाव घेतो. तोही आजारी निघतो. तिसराही आजारी. हे तिघे नेमके तेच आहेत, ज्यांनी मोतोमेच्या वेळी पुढाकार घेतला होता. निरोप्या जाऊन परत येईपर्यंत जो रिकामा वेळ पडतो, त्या वेळात हान्शिरो आपली कहाणी सांगू लागतो, आणि मोतोमे आपला जावई होता हे वाड्याला तुकड्यातुकड्याने कळत जाते.

ज्या वाड्याने मोतोमेला एक दिवस दिला नाही, त्या वाड्याला हान्शिरो अशा रीतीने बसल्या जागी अख्खी दुपार थांबवून ठेवतो. तेही तलवारीच्या धाकाने नव्हे. मरणाऱ्याने आपला साहाय्यक निवडावा आणि त्याच्या शेवटच्या बोलण्याला मान द्यावा, या वाड्याच्याच रीतीच्या आधाराने तो त्यांच्याकडून वेळ वसूल करतो. कागेयू मधून मधून अस्वस्थ होतो, आता आटोपते घ्या असे बजावतो, माणसांना सरसावायला लावतो. प्रत्येक वेळी हान्शिरो असे काही बोलतो की पुढचे ऐकल्याशिवाय त्याला गत्यंतर उरत नाही. पटकथाकार शिनोबू हाशिमोतो यांच्या या बांधणीत फुकट गेलेला क्षण मला एकही सापडत नाही. जो प्रेक्षक इथे वेग वाढवतो, तो नकळत अंगणाभोवतीच्या रांगेत जाऊन बसतो आणि कागेयूबरोबर ‘उरका’ म्हणू लागतो.

मधली कौटुंबिक दृश्ये तर संथपणाबद्दल हमखास बोल लावली जाणारी. मालकाची जहागीर गेली तेव्हा हान्शिरोचा मित्र, मोतोमेचा बाप, त्याच्या आधीच मरणाला सामोरा गेला आणि आपला पंधरा वर्षांचा मुलगा हान्शिरोवर सोपवून गेला. त्या जबाबदारीपायी हान्शिरोला जगावे लागले. तो एदोत येऊन झोपडीवजा घरात किरकोळ हातकामावर मुलगी मिहो हिला वाढवतो. मोतोमे मुलांना शिकवून चार पैसे मिळवतो. दोघांचे लग्न होते, नातू होतो, आणि त्या नातवाला खेळवताना हान्शिरो जसा हसतो तसा तो चित्रपटात अन्यत्र कुठेही हसत नाही. मग मिहोला क्षय जडतो, बाळ तापाने फणफणते, वैद्याला द्यायला घरात दमडी नसते. ओळखीच्या एका सावकाराकडून पैसे आणतो असे सांगून मोतोमे बाहेर पडतो.

यानंतर ते घर मोतोमेची वाट पाहत बसते. कोबायाशी आपल्यालाही तिथे बसवून ठेवतात. मोतोमेचे काय झाले हे आपल्याला आधीच ठाऊक आहे, हान्शिरोला आणि मिहोला मात्र नाही. बाळाच्या उशाशी बसलेले आजोबा, दाराकडे कान लावून असलेली मुलगी आणि हळूहळू उतरत जाणारा उजेड. मिहोचे काम करणाऱ्या शिमा इवाशिता तेव्हा जेमतेम एकवीस वर्षांच्या होत्या, पण त्यांच्या चेहऱ्यावर त्या रात्री जी वर्षे चढतात ती पाहण्यासाठी घड्याळ विसरावे लागते. रात्री दारात येतात ते वाड्यातले तिघे जण, मोतोमेचे प्रेत घेऊन, आणि त्या बांबूच्या तलवारीची टिंगल करून जातात. दोन दिवस कशासाठी हवे होते, याचे उत्तर प्रेक्षकाला त्या घरात बसून मिळालेले असते. काही दिवसांत बाळ जाते, पाठोपाठ मिहोही जाते.

पुरवणीतील लेखाने ज्याला प्रतिष्ठेचा गौरव म्हटले आहे, त्याचे काय होते ते याच रात्री दिसते. मोतोमेच्या तलवारीतले बांबूचे पाते हातात घेतल्यावर हान्शिरोला समजते की बायकोच्या औषधपाण्यासाठी या पोराने आपली पोलादी पाती केव्हाच विकून टाकली होती. सामुराईची तलवार हा त्याचा आत्मा, असे ज्या समाजात मानले जाई, तिथे मोतोमेने हा निर्णय कोणालाही न सांगता घेतला होता. हान्शिरोची स्वतःची तलवार मात्र त्याच घरात जशीच्या तशी होती. ती विकावी हे आपल्याला सुचलेदेखील नाही, या जाणिवेने तो कोसळतो. ज्या निरर्थक वस्तूला आपण कवटाळून बसलो, तिच्यापायी घर गेले, असा स्वतःविषयीचा तिरस्कार हान्शिरोचे काम करणारे तात्सुया नाकादाई त्या दृश्यात दाखवतात. म्हणजे प्रतिष्ठेच्या खोट्या कल्पनेचा आरोप केवळ इई घराण्यावर नाही. आरोप करणारा स्वतःही तिचा बळी आहे आणि काही अंशी भागीदारही आहे. याला गौरव म्हणणे म्हणजे चित्रपट निम्म्यावर सोडून उठण्यासारखे आहे.

एक गंमत इथेच नोंदवतो. या चित्रपटाच्या वेळी नाकादाई वयाच्या तिशीच्याही आत होते, आणि जावयाचे काम करणारे आकिरा इशिहामा त्यांच्याहून जेमतेम दोन-तीन वर्षांनी लहान होते. तरीही आजोबा म्हणून नाकादाई पटतात. पुष्कळसे काम त्यांच्या आवाजाने केले आहे. तो छातीतून, खालच्या पट्टीत, शब्द मोजून येतो. दीडपट वेगाने तो आवाज कसा ऐकू येईल, याची कल्पनाही करवत नाही.

तांत्रिक बाजूविषयी मी अधिकाराने बोलू शकत नाही, पण डोळ्यांना दिसते आणि कानांना ऐकू येते ते सांगतो. योशिओ मियाजिमा यांचे छायालेखन कृष्णधवल आहे आणि पडदा रुंद आहे. वाड्यातील दालने, सरकते दरवाजे, लांबच लांब ओसऱ्या यांच्या सरळ रेषांमध्ये माणसे अशी बसवलेली असतात की जागचे कोणी हलले तरी पाप होईल असे वाटावे. माणसाची मान एवढीशी वळली तरी ती घटना ठरते. तोरू ताकेमित्सू यांनी बिवा या तंतुवाद्याचा वापर फार कंजूषपणे केला आहे. तारेवर एकच आघात होतो, मग पुन्हा शांतता, आणि तो आघात आपल्या अंगावर उमटतो. संगीताचा सलग गालिचा अंथरून प्रेक्षकाला ‘आता इथे रडा’ असे सांगण्याची आपल्याकडची सवय ज्यांच्या कानांना जडली आहे, त्यांना पहिली काही मिनिटे अवघड जातील हे मी मान्य करतो.

आणि ज्यांना मारामारीच हवी आहे त्यांचीही निराशा होत नाही. हान्शिरो अखेरीस वाड्याला सांगतो की ते तिघे आजारी नाहीत. त्याने एकेकाला गाठून, जीव न घेता, त्यांच्या शेंड्या कापून घेतल्या आहेत, आणि त्या शेंड्या तो आपल्या किमोनोतून काढून वाळूवर टाकतो. शेंडी गेलेला सामुराई मान गेल्यासारखाच. तरीही प्रतिष्ठेच्या नावाने मोतोमेला बांबूवर मरायला लावणारे ते तिघे, केस वाढेपर्यंत आजाराचे निमित्त करून घरात दडून बसले आहेत. ओमोदाकाशी झालेले द्वंद्व उघड्या माळावर, वाऱ्याने लोळणाऱ्या उंच गवतात चित्रित झाले आहे. त्यासाठी खऱ्या तलवारी वापरल्या गेल्याचे नाकादाई यांनी पुढे मुलाखतीत सांगितले होते. नाकादाई आणि तेत्सुरो तांबा यांच्या त्या सावध हालचाली पाहताना त्यातला धोका खोटा वाटत नाही. वाड्यातील शेवटचा संग्राम सुरू होतो तेव्हा त्या आधीच्या दोन तासांच्या निश्चलतेचे मोल कळते. हान्शिरो पूर्वजांचे पूज्य चिलखत उचलून आपटतो, आणि तलवारीच्या इभ्रतीची आण घेणारे घराणे त्याला संपवण्यासाठी शेवटी बंदुका आणवते. हे सारे चालू असताना कागेयू आतल्या दालनात एकटा बसून कानावर येणारा गोंधळ ऐकत असतो. मिकुनींचा तो चेहरा मला तलवारबाजीपेक्षा अधिक वेळ लक्षात राहिला आहे.

माझी नोकरी एका कचेरीत दप्तर सांभाळण्यात गेली. त्यामुळे असेल कदाचित, पण या चित्रपटात मला सर्वांत जास्त भय वाटते ते रोजनिशीचे. चित्रपटाची सुरुवात इई घराण्याच्या त्या दिवसाच्या नोंदीने होते आणि शेवटही नोंदीनेच होतो. लढाई संपल्यावर कागेयू हुकूम सोडतो. हान्शिरोने रीतसर विधीने प्राण दिला असे लिहावे, आणि त्याच्या हातून मारली गेलेली घराण्याची माणसे आजाराने वारली असे लिहावे. ओमोदाकाने आधीच स्वतःला संपवले आहे. उरलेल्या दोघांनाही तसेच करायला लावून त्यांचेही मरण आजाराच्या खात्यात जमा होते. अंगणातली वाळू सारखी केली जाते, चिलखत पुसून पुन्हा जागेवर बसवले जाते, आणि इई घराण्याच्या बाणेदारपणाची एदोत वाहवा होत असल्याची नोंद सुवाच्य अक्षरात पूर्ण होते. आपण नुकताच जो दोन तासांचा ऐवज पाहिला, त्यातले काहीही त्या कागदावर नाही. नोंद अर्थातच थोडक्यात आहे. तिला वेळ लागत नाही.

कथा कल्पित आहे, परंतु इई हे घराणे ऐतिहासिक आहे. हिकोनेचे हे सरदार, लाल चिलखते घालणाऱ्या त्यांच्या फौजेचा युद्धात मोठा दरारा होता, आणि चित्रपटात देव्हाऱ्यातल्या मूर्तीसारखे मांडलेले चिलखत त्याच लौकिकाचे आहे. कथेतील काळानंतर २३० वर्षांनी, १८६० मध्ये, याच घराण्याचे प्रमुख आणि शोगुनांचे सर्वोच्च मंत्री इई नाओसुके यांची एदोच्या किल्ल्याच्या साकुरादा दरवाज्याबाहेर बर्फात भरदिवसा हत्या झाली. प्रमुख असा अपघाती, वारसाची व्यवस्था लावल्याशिवाय गेला तर घराणे बुडण्याचा धोका होता. म्हणून त्यांचा मृत्यू काही काळ दडवून ते जखमी असल्याचे भासवण्यात आले, आणि अधिकृत मृत्यू पुढच्या तारखेला दाखवण्यात आला. कल्पित कागेयूने जी युक्ती केली, ती खऱ्या इतिहासातही अशी सापडते.

कोबायाशींना हा विषय का सुचावा, याचे उत्तर त्यांच्या चरित्रात बरेचसे आहे. १९४२ मध्ये त्यांना सक्तीने सैन्यात भरती करून मांचुरियात पाठवले गेले. साध्या शिपायाच्या वर बढती घेण्यास त्यांनी नकार दिला, आणि युद्धाच्या शेवटी ते ओकिनावात युद्धकैदी होते. आज्ञापालनाला निष्ठेचे आणि बलिदानाला इभ्रतीचे नाव देणारी व्यवस्था त्यांनी आतून पाहिली होती. त्याच युद्धाच्या काळात सत्तेचाळीस रोनिनांची प्रसिद्ध कथा, धन्याच्या मृत्यूचा सूड घेऊन मरण पत्करणाऱ्या स्वामिनिष्ठांची १७०१ ते १७०३ या काळातली खरी घटना, सरकारी आशीर्वादाने पडद्यावर आणली गेली होती. निष्ठेचा गौरव पाहायचा तर तो तिथे मिळेल. ‘हाराकिरी’ तीच भाषा, तोच विधी, तेच पोशाख घेते आणि विचारते की निष्ठेने धनी सांभाळला जातो की केवळ धन्याच्या नावाचा फलक. १९६३ मध्ये कान महोत्सवात या चित्रपटाला परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला. पाश्चात्त्यांनी शिक्का मारला म्हणून तो मोठा ठरतो असे माझे म्हणणे नाही, पण सामुराईपटाकडून तलवारींच्या खणखणाटाचीच अपेक्षा असणाऱ्या परक्या प्रेक्षकांनाही तो तेव्हा बसून पाहता आला होता, एवढे त्यावरून दिसते.

आपल्याकडील फिल्म सोसायट्यांनी अंधाऱ्या सभागृहात असे चित्रपट दाखवण्याची जी परंपरा जपली, तिचा एक फायदा असा होता की तिथे प्रक्षेपकाचा वेग प्रेक्षकाच्या हाती नसे. आता तो अंगठ्याखाली आला आहे, त्याला कोणाचा इलाज नाही, आणि कोणी काय वेगाने पाहावे हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. मात्र वृत्तपत्राच्या पुरवणीने तसा सल्ला देऊ नये. ज्याला १३३ मिनिटे सलग देता येत नसतील, त्याने तो दोन बैठकांत पाहावा. हान्शिरो अंगणात येऊन बसतो तिथे थांबणे सोयीचे पडेल.

शेवटी एक दुरुस्ती. लेखासोबत जे रंगीत छायाचित्र छापले आहे ते कोबायाशींच्या चित्रपटातले नाही. ते ताकाशी मिइके यांनी २०११ मध्ये केलेल्या त्याच कथेच्या नव्या आवृत्तीतले असावे, कारण मूळ चित्रपट संपूर्ण कृष्णधवल आहे. लेख वाचून कोणी शोध घेतला आणि छायाचित्रावरून चित्रपट निवडला, तर त्याच्या हाती भलताच चित्रपट लागेल. पुढील रविवारच्या अंकात योग्य छायाचित्र आणि दिग्दर्शकाच्या नावासह १९६२ हे वर्ष ठळकपणे छापावे, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक,
सांगली